डाव्या काचेची मूठ

एप्रिलच्या शेवटाला टेका नाक्यावरच्या माझ्या दुकानात
कूलरचे पंप ओळीनं पडलेले असतात,
जळक्या वार्निशच्या वासाचे,
आणि प्रत्येकाला आपला आजच हवा असतो.
त्यात डोमाजी सोनटक्क्यांनी ट्रक आणून उभा केला
दारात, आडवा.
"बाई, याचे वायपर लायटीवर करून दे."

पारा पंचेचाळीस. आभाळात पुसायलाही काही नाही.
काका, जूनमध्ये या, म्हटलं.
"जूनमध्ये त साऱ्यायलेच आठवते,"
आणि रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसले.

कामठीच्या लिलावातला फौजी ट्रक.
हिरव्याखाली आणखी एक हिरवा, त्याखाली गंज.
लिलावानंतर त्यानं मनसरचं मँगनीज वाहिलं,
आता नुसते डोमाजी,
तेही पेट्रोल परवडेल त्या रविवारी.

बॉनेट उघडलं.
मोटर नव्हतीच कधी.
इंजिन श्वास ओढतं, त्या ओढीवर एक रबरी नळी,
नळीच्या टोकाला डबी,
इंजिनाच्या उरलेल्या श्वासावर काच पुसणारी.

"अन् चढावर?"
"चढावर पाय दाबला का वायपर मरे.
मंग पाय उचलाचा.
तो एक हात मारे, तेवढ्यात मोड पाहून घ्याचा,
अन् पुन्हा दाबाचा.
चढाचं असन त दिसे नाही,
पाहाचं असन त चढे नाही."
रेशनचं माप सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

नळी कापली. मॅनिफोल्डच्या भोकात पितळी बूच बसवलं,
तशी इंजिनाची जुनी खोकली थांबली
आणि दोघंही क्षणभर ऐकत राहिलो.
मोटर भंगारातल्या व्हॅनची,
तिचं आर्मेचर मीच गुंडाळलं, दोन रात्री,
ब्रॅकेट कूलरच्या स्टँडचा.
पहिल्यांदा बटण बंद केलं तर पातं थांबलं
नेमकं डोळ्यांपुढे.
उलटं जोडलं होतं. स्वतःलाच एक शिवी दिली.

डाव्या काचेला हात घातला, तर ते डब्यावरून उठले.
"ते राहू दे."
तिथे आतून एक मूठ होती, हातानं फिरवायची,
शेजारी बसणाऱ्याचं काम.
पितळेवर अंगठ्याएवढी घळ.
"थंगवेलू फिरवे. रातभर.
माही काच मेली का त्याच्या काचेतून पाहून सांगे,
डावा, डावा, डावा, बस्स.
त्याले मराठी एवढंच ये."
पुढचं त्यांनी सांगितलं नाही.
मी पाना खाली ठेवला.

चाचणीला पुलावर गेलो.
माझा पोरगा टपावर, मांडीत बादली, हातात मग,
ओततोय दोन्ही काचांवर कोमट पाणी.
नवं पातं गेलं, आलं, गेलं, आलं,
इंजिनाशी काही देणंघेणं नसल्यासारखं.
ट्रक मात्र हिसके खात चढत होता.
खाली पाहिलं:
पात्याच्या प्रत्येक फेरीला त्यांची टाच उचलत होती.
मागून ऑटोवाला ओरडला, "चाल ना बे बुढ्या!"
काका, आता पाय नका उचलू.
"कोन उचलते?"

माझ्या बाजूच्या काचेवरून पाणी ओघळत होतं,
समोरचा खांब वाकडा दिसत होता.
हात मुठीवर गेला. घट्ट होती,
मग सुटली, अंगठा त्या घळीत बसला नाही,
मोठ्या माणसाची घळ ती.
"डावा?" रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं.
रस्ता सरळ होता.
तरी मी काचेतून नीट पाहिलं,
मग म्हटलं, बस्स.

परत आलो तेव्हा दुकानापुढे चार पंपवाले,
घामानं निथळत, माझ्या नावानं बोटं मोडत.
त्यातला एक ट्रककडे पाहत राहिला,
टपावरून ठिबकणाऱ्या पाण्याकडे,
ओल्याचिंब पोराकडे,
आणि वर, पांढऱ्या आभाळाकडे.
"काऊन बाई," त्यानं विचारलं,
"कुठी पडला?"